एत्तोरेंचं पोट

चित्राला अस्तर लावणं? तो तर सुनिवाच्या डाव्या हाताचा मळ! निदान ईस्टरच्या आदल्या गुरुवारी सकाळी नऊपर्यंत तरी तिचं असंच ठाम मत होतं.

ही सहा फुटी नॉर्वेजियन पोरगी फ्लॉरेन्सला आली होती जुनी चित्रं दुरुस्त करायला शिकायला. मैदा, सरस आणि थोडी काकवी घालून खळ शिजवायची, ती फाटक्या कॅनव्हासच्या पाठीला फासायची, वर नवं कापड चिकटवायचं, ऊन दाखवायचं आणि मग कोमट इस्त्री फिरवायची. झालं! आदल्याच आठवड्यात मास्तरांनी भर वर्गात तिची पाठ थोपटली होती, तेव्हापासून बाई जमिनीपासून चार बोटं वर चालत होत्या.

ती राहायची आमच्या गल्लीतल्या नोना इसोलीनाकडे, तिसऱ्या मजल्यावर. नोना म्हणजे आजी. तिचं वय एक्याऐंशी, उंची सुनिवाच्या कोपराएवढी, आणि आवाज असा की खालचा भाजीवाला आपोआप भाव उतरवायचा. घरात दुसरी बाई म्हणजे तिची सून लॉरेदाना. आणि जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर नोनाचे कैलासवासी यजमान, एत्तोरे. कोणा हौशी मित्रानं काढलेलं तैलचित्र. काळं जाकीट, सडपातळ अंग, आणि सगळ्यांच्या ताटाकडे रोखलेली नजर. कॅनव्हास मागून पार विरलेला. सुनिवानं मनाशी ठरवलं, ईस्टरला नोनाला हीच भेट द्यायची. गुपचूप!

आता त्या घराचा एक नियम सांगायला हवा. फ्रिजचा वरचा कप्पा नोनाचा. तिथे एका बरणीत तिचं खमीर असायचं. तिच्या आईनं १९१९ साली लावलेलं. रोज त्याला मूठभर पीठ आणि पाणी भरवायचं, आणि ईस्टरला त्यातूनच बडीशेपेचा फुगीर पाव करायचा. सुनिवाच्या आधी एक डच चित्रकार राहायला होता. त्यानं एकदा रंगाची ट्यूब त्या कप्प्यात ठेवली. दुपारपर्यंत त्याची बॅग जिन्यात होती, आणि मागोमाग तो! नोनानं हाकललेल्या माणसाला आमच्या गल्लीत कोणी साधं पाणीही विचारत नाही. परीक्षा तीन महिन्यांवर. आणि खरं सांगायचं तर सुनिवाला त्या घराचा लळा लागला होता. "पोरी, जेवलीस का?" असं तिला जन्मात कोणी इतक्यांदा विचारलं नव्हतं.

गुरुवारी नोना चर्चमध्ये गेली, सून बाजारात. सुनिवानं फ्रिजच्या खालच्या कप्प्यातून आपली खळीची बरणी काढली. रात्री लॉरेदानानं कोकराची तंगडी ठेवायला सगळा फ्रिज उपसून परत लावला होता, आणि घरातल्या सगळ्या बरण्या ऑलिव्हच्या, एकसारख्या! खळीला जरा बुडबुडे आले होते. रात्रभर राहिली की येत असतील, असं म्हणत तिनं ती एत्तोरेंच्या पाठीला सढळ हातानं फासली, वर नवं कापड ताणून बसवलं, चित्र आपल्या खोलीच्या खिडकीत उन्हाला ठेवलं आणि गाणं गुणगुणत वर्गाला गेली.

दुपारी परत येऊन बघते तर काय! एत्तोरेंना पोट सुटलेलं!

जाकिटाची दोन बटणं छान पुढे आली होती. हवेचा फुगा राहिला असेल, दाबला की बसेल, अशी स्वतःची समजूत घालून सुनिवानं इस्त्री तापवली आणि पाठीमागून खालच्या कोपऱ्यावर ठेवली.

चर्रर्र झालं. आणि खोलीभर ताज्या, खरपूस पावाचा वास सुटला.

सरसाच्या खळीला असला वास येत नाही, हे पहिल्या दिवशी आलेल्या विद्यार्थ्यालाही कळतं. शंभर वर्षांचं खमीर! नोनाच्या आईच्या हातचं! आणि ते तिनं नोनाच्या नवऱ्याच्या पाठीला फासून वर इस्त्री केली होती!

"पोरी!" बाहेरून नुकत्याच परतलेल्या नोनाची हाक आली. "पाव कोण भाजतंय?"

सुनिवाची बोबडी वळली. "पाव? कु... कुठे? मला तर नाही येत वास."

मग बाहेरून हळूच, "नाही येत? बरं."

नोना पाठमोरी होताच सुनिवानं चित्र परत भिंतीवर टांगलं, न जाणो रिकामी भिंत दिसायची. मग ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि तिथेच थिजली. वरच्या कप्प्यातली बरणी नोनापुढे होती. म्हणजे खळीची! नोना त्यात पीठ घालत होती, हुंगत होती, पुन्हा ढवळत होती.

"मेलंय," नोना पुटपुटली. "सरसासारखा वास येतोय. काल जिवंत होतं गं! मी काय घातलं याच्यात?"

आता सांगावं! जीभ उचलली की काम झालं! पण सुनिवाला जिन्यातली ती डच बॅग दिसली. "उद्यापर्यंत फुगेल, नोना," ती कशीबशी म्हणाली.

नोना जेवणाच्या खोलीत आली. नवऱ्यापुढे थांबली. चष्मा काढला, पदराएवढ्या मोठ्या रुमालानं पुसला, परत लावला.

"पोरी, एत्तोरे जाड झालाय का?"

"छे छे! नेहमीसारखेच तर आहेत."

नोनाचा चेहरा पांढराफटक पडला. अख्ख्या गल्लीला धाकात ठेवणारी बाई, पण खुर्चीचा आधार घेऊन खाली बसली. "बरं," एवढंच म्हणाली. त्या 'बरं'नं सुनिवाच्या काळजाचं पाणी झालं. ओरडली असती तर परवडलं असतं!

थोड्या वेळानं "जरा पडते" म्हणत नोना आपल्या खोलीत गेली, तशी सुनिवा जिना उतरून धावत सुटली ती थेट कोपऱ्यावरच्या फुल्वियो बेकरीवाल्याकडे.

"फुल्वियोकाका, खमीर द्या! मूठभर! आणि कोणाला सांगू नका!"

फुल्वियोनं पिठानं माखलेले हात कमरेवर ठेवले. "इसोलीनाबाईंच्या घरून? पुन्हा?" आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे, अं, कशाला हवंय?"

ती तोंड उघडणार, तोच दारावरची घंटी वाजली आणि काचेपलीकडे ओळखीचा काळा स्कार्फ दिसला. नोना! सुनिवा एका उडीत पिठाच्या पोत्यांमागे. सहा फूट देह तिथे दडवणं सोपं नाही, गुडघे कानांना लागले.

नोनानं आधी दुकान रिकामं आहे ना ते पाहिलं. मग म्हणाली, "फुल्वियो, तुझ्या आईच्या पायाशी बसून मी पाव शिकले. आज माझी लाज राख. थोडं खमीर दे."

"अहो, झालं काय?"

"मी संपले रे." आवाज एवढासा झाला होता. "माझ्या आईचं खमीर माझ्या हातून मेलं. कसं, आठवत नाही. घरात नसलेला पावाचा वास येतो मला. आणि आज... आज मेलेला नवरा जाड दिसला! पोरीला विचारलं, ती बिचारी म्हणाली असं काही नाही. माझी मोठी बहीण अशीच गेली. आधी वास, मग माणसं, मग स्वतःचं नाव. लॉरेदानाला कळलं तर उद्यापासून मला कोपऱ्यात बसवतील. चुलीला हात लावू देणार नाहीत."

फुल्वियोनं खमिराचा गोळा पुडीत बांधला.

पोत्यांमागे सुनिवाच्या ध्यानात आलं, ती सुटली होती! नोना पुडी घेऊन जाईल, पाव फुगेल, अस्तर रात्रीत बदलता येईल. कोणाला कध्धी कळणार नाही. फक्त गप्प बसायचं. आणि नोना मरेपर्यंत स्वतःला वेडी समजत राहणार.

ती उठली.

डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरी झालेली ती सहा फुटी आकृती वर आली मात्र, नोना किंचाळली, "माझ्या देवा! आता भुतंही दिसायला लागली!"

"नोना, मी आहे! सुनिवा! तुम्हाला काही झालेलं नाही! वास खरा होता! पोटही खरं आहे! खमीर मी घेतलं, चुकून! तुमच्या बरणीत माझी खळ होती! मी भ्याले, खोटं बोलले!" आणि सहा फुटी पोर भोकाड पसरून रडायला लागली.

नोनानं दोन पावलं पुढे येऊन तिच्या दंडावर सणसणीत चापट मारली. गाल हाताला येत नव्हता म्हणून! मग म्हणाली, "पुन्हा सांग."

"खमीर मी..."

"ते नाही! पोटाचं सांग!"

"पोट खरं आहे."

"ऐकलंस, फुल्वियो? पोट खरं आहे!" नोनाचा आवाज परत आला होता, बाहेरची कबुतरं उडाली. "मी शहाणी आहे! ही गाढव आहे!" आणि तिनं सुनिवाला खाली ओढून दोन्ही गालांचे असे मुके घेतले की पिठाचा धुरळा उडाला. "आता बोल. माझं खमीर आहे कुठे?"

"एत्तोरेंच्या पाठीवर."

"जन्मभर सांगत होते त्याला, पाव कमी खा. ऐकलं नाही. चल, चमचा घे!"

इस्त्री एका कोपऱ्यालाच लागली होती. बाकीचं खमीर जिवंत होतं, कापडाखाली खुशाल फुगत होतं. दोघींनी मिळून ते खरवडलं. नोनानं त्याला पीठ-पाणी भरवलं आणि सुनिवानं यजमानांना खऱ्या खळीचं अस्तर लावलं. पोट थोडं राहिलंच. नोना म्हणाली, असू दे, असा तो जास्त शोभतो.

रविवारी पाव वीतभर फुगला! जेवणानंतर भांडी विसळताना लॉरेदाना सुनिवाच्या कानाशी लागली. "तुला म्हणून सांगते. फेब्रुवारीत मी ती बरणी शेगडीजवळ विसरले. सगळं शिजून गेलं! फुल्वियोकडून नवं आणून ठेवलं. आईंना कळलं तर माझी बॅग जिन्यात! कोणाला बोलू नकोस हं!"

सुनिवाच्या हातातली बशी निसटता निसटता राहिली. "म्हणजे ते शंभर वर्षांचं..."

"दोन महिन्यांचं," लॉरेदाना कुजबुजली, आणि तेवढ्यात नोना आत आली. हातात एक ऑलिव्हची बरणी, तिला लाल रिबीन.

"खरं बोलायला जिगर लागते, पोरी. ही घे. माझ्या आईच्या खमिरातला वाटा. परीक्षा झाली की घरी ने, रोज भरव. आणि मेलं तर परस्पर दुसरं आणून ठेवायचा विचारसुद्धा करू नकोस! पुढच्या वर्षी मी नॉर्वेला येऊन हुंगून बघणार आहे. माझ्या आईचं खमीर मला हजारांतून वासानं ओळखता येतं!"

लॉरेदानाला जोराचा खोकला आला. सुनिवानं मान डोलावली आणि दोन्ही हातांनी बरणी घेतली.