दिघे सरांचा शत्रू

दिघे सर आमच्याकडे आले की आधी कुलरची चौकशी करतात, मग माझी. जाळी काढून, टॉर्च मारून, पाण्यात अळ्या नाहीत हे बघून झालं की मग इथल्या हिंदी ढंगात, "काय भिया, बरे आहात ना?" अन्नपूर्णा मंदिराजवळच्या आमच्या गल्लीत लोक त्यांना बघून दार लावतात. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, तेव्हा सत्कारात मिळालेली शाल त्यांनी व्यासपीठावरच झटकून बघितली. अध्यक्षांच्या अंगावर.

त्यांचा खास शत्रू म्हणजे मलेरियाचा परजीवी. एकदा पोह्यांच्या दुकानात त्यांनी मला त्याची कारागिरी समजावली. पोह्यांत शेवेचे दोन तुकडे उभे रोवले. "ही चरबीची शेपटं. त्याच्या पेशीच्या पडद्यात रुतलेली. त्यावर साखरेचे मणी, एकेक करून." डाळिंबाचे दाणे चढले. "टोकाला प्रथिन. झाला नांगर, जहाजाचा असतो तसा! त्या प्रथिनांच्या जोरावर तो आपल्या रक्तपेशीत घुसतो. अन् नांगर रक्तात सुटले की ताप भडकतो म्हणतात. समझे?"

समजलं. मी प्लेट बाजूला सारली. ती त्यांनी नांगरासकट संपवली.

यंदा पावसाळा सरताना माझ्या मुलीला, मुग्धाला, हुडहुडी भरून ताप आला. लॅबचा रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होता. भर दुपारी सर जुना मायक्रोस्कोप छातीशी धरून दारात उभे. बोट टोचून थेंब घेतला, स्लाइड वाळवली, रंगवली. हात सराईत होता. डोळा लावायची वेळ आली तेव्हा मात्र नुसतेच बसून राहिले.

"सर?"

"डर लगता है, भिया."

"मी बघू का, काका?" मुग्धा पांघरुणातून म्हणाली.

"नलूला असाच ताप होता," सर म्हणाले. नलू म्हणजे त्यांची बायको, आम्ही इथे येण्याआधीच गेलेली. "स्लाइड जरा जरा सरकवत शंभर फील्ड बघायची असतात, भिंगाखाली एका वेळी दिसतो तेवढा तुकडा म्हणजे एक. कॉलेजातल्या पोरांनी नव्याण्णव बघितली तरी मी झापायचो. तिची वीस बघितली अन् म्हणालो, काही नाही, व्हायरल आहे. मला काही सापडायलाच नको होतं ना."

ते मायक्रोस्कोपवर वाकले.

"तुम्ही मोठ्यानं मोजा," शेवटी ते म्हणाले. "मला थांबू देऊ नका."

मी मोजायला लागलो. विसाला त्यांची बोटं थबकली.

"एकवीस, काका," मुग्धा म्हणाली.

बोटं हलली. शंभर झाली, कुठेच काही नव्हतं. मी मुग्धाकडे वळलो. सरांनी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला नव्हता.

"थांबलात का?" ते म्हणाले. "मोजा."