चाळिसावा पेनस्टँड

विमा कार्यालयातल्या आवक-जावक कारकुनाला सगळे ‘अर्जंट’ म्हणत. त्याच्या टेबलावरून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर तो ‘तातडीचे’ असा लाल शिक्का मारायचा, मग आत वाढदिवसाच्या शुभेच्छा का असेनात. जेवणही तो असं जेवायचा, की शेजारच्याला वाटावं, याची गाडी सुटतेय. अशा माणसाने बांबूच्या वाट्याला जाणं मुळातच बरं नव्हतं.

पण गेला. साहेबांनी एका सोमवारी फर्मान काढलं, की ऑफिसातून प्लॅस्टिक हद्दपार. टेबलावर हाताने बनवलेल्या बांबूच्या वस्तू हव्यात, आणि त्या आवडल्या तर वर्षअखेरीस ग्राहकांनाही त्याच भेट द्यायच्या. अर्जंट तिथल्या तिथे उभा राहिला आणि म्हणाला, “साहेब, आमच्या सासूबाई करतात. पेनस्टँड, पट्ट्या, पेनं, सगळं. चाळीस टेबलांचे चाळीस पेनस्टँड येत्या सोमवारी हजर!”

सासूबाईंना त्याने हे शनिवारी सांगितलं. त्या मागच्या अंगणात पाटावर बसून एका कांड्याची कड पॉलिशपेपरने घासत होत्या.

“एकोणचाळीस तयार आहेत,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “चाळिसावा पुढच्या महिन्यात.”

“अहो आई, एकासाठी महिना? टाकीत तर ढीगभर कांडी पडलीत.”

“पडली नाहीत, मुरताहेत. महिनाभर पाण्यात राहिली की आतला गोडवा निघून जातो. गोडवा राहिला की भुंगा लागतो. मग सावलीत वाळवायचं, मग धुरी द्यायची. बांबूला तुमचा शिक्का समजत नाही, जावईबापू.”

तीस वर्षांत सासूबाईंच्या हातची एकही वस्तू परत आली नव्हती. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत. जावयाचं मात्र त्यांनी लग्नापासून आजवर एकदाही कौतुक केलं नव्हतं. चाळीसच्या चाळीस वेळेवर पोचवले, तर निदान ‘बरं केलंत’ एवढं तरी म्हणतील, असं अर्जंटला वाटलं. सासूबाई चहा ठेवायला आत गेल्या तेव्हा त्याने टाकीतून एक कांडं काढलं आणि पिशवीत टाकलं.

एकोणचाळीसांचं खोकं घेऊन घरी आल्यावर ते कांडं त्याने इस्त्रीखाली धरलं, तव्यावर फिरवलं, आणि शेवटी बायकोचा हेअर ड्रायर काढला. बायको दारात येऊन उभी राहिली.

“तुम्हाला कशाला हो ड्रायर?” तिने त्याच्या गुळगुळीत डोक्याकडे बघत विचारलं.

“ऑफिसचं काम आहे.”

ती परत स्वयंपाकघरात गेली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती.

संध्याकाळपर्यंत कांडं वरून तरी कोरडं झालं. त्याने ते घासलं, तेल लावलं आणि सासूबाईंच्या एकोणचाळीसांच्या खोक्यात मिसळून टाकलं. खोकं हलवल्यावर आपला कोणता हे त्याचं त्यालाच ओळखू येईना. याचा त्याला त्या दिवशी फार आनंद झाला.

सोमवारी पेनस्टँड वाटले गेले. टायपिस्ट बाईंनी आपल्यात लगेच कंगवासुद्धा ठेवला. हिशेबनीस, जे कशालाच चांगलं म्हणत नसत, ते आपला पेनस्टँड हातात तोलून म्हणाले, “दणकट आहे.” साहेबांनी आपला स्वतःच्या टेबलाच्या बरोबर मध्ये ठेवला. हे टेबल म्हणजे साहेबांचा जीव की प्राण. आजोबांच्या काळातलं, सागवानी, सिंहाच्या पायांचं. ऑफिसचं लोखंडी टेबल नाकारून त्यांनी स्वखर्चाने ते घरून आणवलं होतं.

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी साहेबांच्या टेबलावर, पेनस्टँडच्या पायथ्याशी, चिमूटभर पिवळी भुकटी दिसली.

साहेबांनी शिपाईकाकांना बोलावलं. “काका, धूळ पुसता की पसरवता?”

“साहेब, मी पुसतो. ही वरून पडते,” काकांनी छताकडे बोट दाखवलं.

रंगारी आला, छत खरवडून गेला. भुकटी दुसऱ्या दिवशीही पडली. वायरमन आला, त्याने पंखा उतरवून नेला. साहेब दोन दिवस घामाने निथळत बसले, आणि भुकटी पडतच राहिली. चौथ्या दिवशी हिशेबनीस काही सही घ्यायला आत गेले, भुकटी बोटावर घेऊन चष्म्यासमोर धरली आणि म्हणाले, “हा भुंग्याचा भुसा आहे. आत पोखरतोय तो. कान द्या, कुरकुर ऐकू येईल.”

साहेबांनी कान दिला. कुरकुर ऐकू आली.

ही बातमी आवक-जावक टेबलापर्यंत पोचली तेव्हा अर्जंटच्या हातातला शिक्का पाकिटाऐवजी त्याच्याच मनगटावर बसला. चाळिसावा साहेबांच्याच वाट्याला गेला होता तर! दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या वेळीच तो हजर झाला, केबिनमध्ये शिरला, भुसा पुसला आणि साहेबांचा पेनस्टँड उचलून त्या जागी स्वतःचा ठेवला. साहेबांचा त्याने स्वतःच्या टेबलावर आणला आणि सुटकेचा श्वास सोडला.

त्याच्या पुढच्या सकाळी साहेबांच्या टेबलावर पुन्हा भुसा होता.

दुसऱ्या कुणी यावर थोडा विचार केला असता. अर्जंटने तेवढा वेळ घेतला नाही. भुंगा पसरतो आहे, ही साथ आहे, चाळीसच्या चाळीस गेले, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं. त्या दिवसापासून तो रोज तासभर आधी येऊन साहेबांचं टेबल पुसू लागला. तिसऱ्या दिवशी शिपाईकाकांनी त्याला फडक्यासकट पकडलं.

“माझ्या पोटावर पाय द्यायचाय का?”

“नाही हो काका, आवड म्हणून पुसतो.”

“आवड असेल तर आवडीने संडासापासून सुरुवात करा,” असं म्हणून काकांनी फडकं काढून घेतलं, आणि पुसायचं दोघांनीही सोडलं.

नेमकं चार दिवसांनी, गुरुवारी, साहेबांनी सासूबाईंना बोलावलं होतं. वर्षअखेरीच्या तीनशे पेनस्टँडचं नक्की करायचं होतं. सासूबाई इस्त्रीची साडी नेसून, खांद्याला कापडी पिशवी लावून आल्या. इतकं मोठं काम त्यांना आजवर मिळालं नव्हतं. अर्जंटला कागद घेऊन आत उभं राहावं लागलं.

“काम सुंदर आहे,” साहेब म्हणाले, “पण हे बघा.” त्यांनी भुशाकडे बोट दाखवलं. चार दिवसांचा भुसा होता, लपण्यासारखा नव्हता.

सासूबाईंनी तो बघितला. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा बघितला.

“माझाच हात चुकला असेल,” त्या हळूच म्हणाल्या. “तीस वर्षांत असं झालं नव्हतं. वय झालं म्हणायचं. सगळे परत नेते, साहेब. तीनशेचं राहू द्या. आता हे बंदच करायला हवं.”

सासूबाईंचा आवाज असा बारीक झालेला अर्जंटने कधीच ऐकला नव्हता. ओरडल्या असत्या तर त्याला सोसलं असतं. हे मात्र त्याला सोसेना. आयुष्यात पहिल्यांदा तो बोलण्याआधी जरा थांबला.

“आई, तुमचा हात नाही चुकला,” तो म्हणाला. “मी टाकीतलं कच्चं कांडं चोरलं. ड्रायरने वाळवलं आणि तुमच्यात मिसळलं. साहेब, यांची काही चूक नाही. काय शिक्षा द्यायची ती मला द्या.”

केबिनमध्ये कुरकुर स्वच्छ ऐकू आली.

सासूबाईंचा चेहरा हळूहळू पूर्ववत झाला, म्हणजे कठोर झाला. “ड्रायरने,” त्या म्हणाल्या.

“आधी इस्त्रीने. मग तव्यावर.”

“पुरे.” त्यांनी पेनस्टँड उचलला, त्यातली पेनं काढून साहेबांच्या हातात दिली आणि नखाने कांड्यावर टिचकी मारली. टण्ण असा खणखणीत आवाज आला. त्यांनी तो तोलला, उलटा केला, आत बोट फिरवलं.

“हा माझाच आहे. याला काही झालेलं नाही.” मग त्यांनी भुसा तळहाताने बाजूला सारला आणि वाकून टेबलालाच कान लावला. “साहेब, हे टेबल कुणाचं?”

“आजोबांचं!” साहेब ताठ झाले. “शंभर वर्षं झाली. अस्सल सागवान!”

“पाय सागवानी आहेत. वरची फळी कुणीतरी नंतर बसवलीय, कसल्या तरी मऊ लाकडाची. ती आता भुंग्यांची आहे.” त्यांनी नखाने पॉलिश जरा खरवडलं. खाली चाळणीसारखी भोकं होती.

साहेबांचा चेहरा बघवत नव्हता. अर्जंटचाही बघवत नव्हता, कारण आपण उगाचच कबुली दिली हे त्याच्या एव्हाना लक्षात आलं होतं.

“चला,” सासूबाई त्याला म्हणाल्या. “तो एक दाखवा.”

“मला ओळखता येत नाही.”

त्यांनी सुस्कारा सोडला आणि हॉलमध्ये निघाल्या. टेबलामागून टेबल, प्रत्येक पेनस्टँडवर एक टिचकी. लोक तब्येत दाखवायला आल्यासारखे उठून उभे राहत होते. टण्ण, टण्ण, टण्ण. टायपिस्ट बाईंनी घाईघाईने कंगवा काढून घेतला. हिशेबनिसांच्या टेबलावर ठप्प असा आवाज आला.

“हा.”

“हा सगळ्यांत दणकट आहे!” हिशेबनीस दोन्ही हातांनी धरून बसले.

“ओला आहे म्हणून जड लागतोय. अजून किडला नाही, किडेल. नीट झालेला आणून देते.” त्यांनी तो पिशवीत टाकला आणि केबिनच्या दारात परत आल्या.

साहेब एव्हाना सावरले होते. “तीनशे मी तुमच्याकडूनच घेणार,” ते म्हणाले. “कधी देता?”

“तयार झाले की.”

साहेबांनी तारखेसाठी उचललेलं पेन खाली ठेवलं. “बरं. आणि या टेबलाचं काही करता येईल का हो? आजोबांची एवढीच आठवण आहे.”

सासूबाईंनी टेबलाभोवती एक फेरी मारली. “वाचेल. भोकांत रोज तेल सोडायचं आणि कडक ऊन दाखवायचं. सकाळी गच्चीवर न्यायचं, संध्याकाळी खाली आणायचं. दोन महिने तरी.”

“चार मजले?” साहेब टेबलाच्या सिंहपायांकडे बघत म्हणाले. “रोज? याला चार माणसं तरी लागतील.”

“तीन तुम्ही बघा,” सासूबाई म्हणाल्या. “एक मी देते.” आणि त्यांनी जावयाच्या हातातला कागद काढून घेतला, म्हणजे त्याचे दोन्ही हात मोकळे झाले.