राजवाड्यामागचा पॅसिफिक

राजवाड्यामागच्या गल्लीत दर ऐप्पसी महिन्यात, म्हणजे तमिळ मुलखातल्या ऐन पावसाळ्यात, पाणी साचते. या वर्षी ते हिराबाईंच्या उंबऱ्याला लागले, आणि उंबऱ्याच्या आत त्यांचा ग्राइंडर होता. त्यावर दोशाचे पीठ वाटून हिराबाई अर्ध्या पेठेला पुरवीत. मोटार भिजली तर धंदा बंद. म्हणून त्यांनी पाणीनिचरा कार्यालयाचे अभियंता त्यागराज यांना बोलावून घेतले.

त्यागराज पँट दुमडून आले. तुंबलेल्या गटाराकडे पाहत त्यांनी, यंदा एवढा पाऊस कसा, असे सहज विचारले. दुर्दैवाने हिराबाईंची भाची हरिणी घरी होती. तिने नुकतीच समुद्रविज्ञानात एम.एस्सी. केली होती आणि हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. तिने सांगितले, की पॅसिफिकवरचे वारे मंदावले की पश्चिमेकडे साठलेले गरम पाणी दक्षिण अमेरिकेकडे सरकते, त्याने दूरदूरची हवा बदलते, आणि अशा वर्षी आपल्याकडे ईशान्य मोसमी पाऊस बहुधा जास्त पडतो.

"म्हणजे दोष गटाराचा नाही," त्यागराज म्हणाले.

"गटार तुंबलंच आहे, सार. समुद्र फक्त पाऊस वाढवतो."

"फक्त कसं, अम्मा? मूळ कारण तेच की."

कार्यालयात मूळ कारणाला मोठा मान असतो, विशेषतः ते हद्दीबाहेर असेल तर. गटार उपसायला निघालेली माणसे परत बोलावण्यात आली. उपसल्यास गटार दोषी असल्याचा गैरसमज पसरला असता. त्याऐवजी गल्लीच्या तोंडाशी 'पॅसिफिक महासागर प्रभावित क्षेत्र' असा फलक लागला. पेरूच्या किनाऱ्यावर नजर ठेवण्यासाठी स्वतंत्र कक्ष निघाला. त्याला गावातल्याच शिवगंगा तलावाकडची खिडकी मंजूर झाली.

गल्लीलाही हायसे वाटले. शेजारच्या सांबशिवरावांनी मुलीच्या लग्नातली उष्टी केळीची पाने मोकळ्या मनाने गटारात लोटली. एवढ्या महासागरापुढे आपली पाने ती किती, असे ते व्याह्यांना म्हणाले.

पुढल्या वर्षी तिकडचा समुद्र निवला. पाऊस कमी झाला, तरी एकाच सरीत पाणी उंबरा ओलांडून ग्राइंडरच्या पायांशी आले. कक्षाने खुलासा केला, की आता प्रवाह उलटला आहे, आणि उलट्या प्रवाहाचे पाणी उलट दिशेने, म्हणजे घरात जाते.

हे मात्र हरिणीला सहन झाले नाही. तिने पहार घेतली आणि सगळ्यांदेखत गटाराचे झाकण उचकटले. वर सांबशिवरावांची कुजलेली पाने होती. त्याखाली कागदी कप, आणि त्याहून खाली दाबून बसलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. प्रत्येक पिशवीवर निळ्या तमिळ अक्षरांत छापले होते: हिराबाईंचे ताजे दोशापीठ.

हिराबाईंनी पिशव्यांकडे पाहिले, मग गल्लीतल्या तोंडांकडे.

"लाव गे ते झाकण," त्या हळूच म्हणाल्या.

"आणि ग्राइंडर, आत्या?"

"माडीवर चढवू. समुद्राशी कोण भांडत बसणार?"

झाकण जड होते. ते लावायला सगळी गल्ली धावून आली. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही हात दिला असता, याबद्दल शंका नाही.