मेतकुटावरची छत्री

पाऊस आला की माणसं घरात पळतात. आमचे मधूभाऊजी बाहेर पडतात. छत्री असते, पण डोक्यावर नाही, हातातल्या पिशवीवर. पिशवीत मेतकुटाची बरणी. स्वतः निथळत असतात, बरणी मात्र कोरडी ठणठणीत. आमच्या घमापूर मोहल्ल्यातला चहावाला विचारतो, "दादाजी, छाता किसके लिए है?" भाऊजी म्हणतात, "जिसको सर्दी लगती है."

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. फॅक्टरीतून रिटायर झाले, बायको गेली, आणि मग हे सुरू झालं. नर्मदेची परकम्मा करणारे लोक पावसाळ्यात चालणं थांबवून काठच्या गावांत मुक्काम करतात. भाऊजी त्या गावांतून हिंडतात आणि मेतकूट देऊन येतात. आम्ही समजलो, पुण्य जमवत असतील.

माझ्याशी ते हिंदीच बोलतात. "वहिनी, चाय बनेगी क्या?" यात 'वहिनी' तेवढं मराठी. हे कशावरून सुरू झालं तो किस्सा मी पन्नास वर्षं रंगवून सांगत आले. लग्न होऊन पुण्याहून जबलपूरला आले ती नाक वर करूनच. स्टेशनवरचा हमाल हिंदी बोलत होता म्हणून वाचला, नाहीतर त्याचंही व्याकरण तपासलं असतं. दुसऱ्या दिवशी अठरा वर्षांचे भाऊजी ताट घेऊन आले. "वहिनी, काहून उपाशी बसून राहिल्या?" भरल्या घरात मी म्हटलं, "काहून नाही, का. आणि बसून राहिल्या नाही, बसलात." सगळे हसले, सर्वांत जास्त मी. एवढी विदुषी, आणि वरणाला फोडणी देता येत नव्हती.

या श्रावणात भाऊजींना चक्कर आली. त्यांची सून मला म्हणाली, "बड़ी मम्मी, इनको अकेले मत जाने दीजिए." म्हणून ऑटोत मी पहारेकरी.

पहिल्या गावात एक गुजराती बाबा भेटले. भाऊजींनी नमस्कार केला, बरणी काढलीच नाही. दुसऱ्या गावात बंगाली जोडपं. तिथेही नाही.

"अहो, द्या ना त्यांना."

"इनको नहीं चलेगा, वहिनी."

पाऊस वाढला, ऑटोवाला कुरकुरायला लागला. लम्हेट्याच्या पुढच्या गावात भाऊजींनी धर्मशाळेच्या पुजाऱ्याला विचारलं, "कोई मराठी परकम्मावासी ठहरे हैं क्या?" चेहरा असा, जणू दहावीचा निकाल ऐकायला उभे आहेत. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. पुण्य कसलं, हे मराठी शोधत होते.

एक होती. वर्ध्याची म्हातारी, आतल्या ओसरीवर. माझे गुडघे बोलायला लागले होते, मी अलीकडेच खांबाला टेकून बसले.

"बाप्पा, किती भिजले तुम्ही. छत्री काहून नाही घेत डोक्यावर?"

"मेतकूट भिजून जाते न, ताई."

आणि भाऊजी सुटले. बायकोच्या हातचं मेतकूट, ते तिच्यासारखं काहून जमत नाही, फॅक्टरीचा भोंगा, पनागरचे मटार. बोलणं कसलं, धुवांधार. हा आवाज मी ओळखतच नव्हते.

"घरी कोणाशी बोलता मग?" म्हातारीने विचारलं.

"कोणाशी नाही. पोराला समजते, पण तो बोलत नाही."

"अन् संगं आल्या त्या?"

"त्या वहिनी. पुण्याच्या आहेत." आवाज खाली आला. "त्यांच्यासमोर चुकून जाते माझं."

तो किस्सा मी गेल्याच रविवारी, भाऊजी शेजारी बसलेले असताना, पाहुण्यांना सांगितला होता. भाऊजीही हसले होते.

परतताना बरणी म्हातारीकडे राहिली होती, तरी छत्री सवयीने रिकाम्या पिशवीवरच. ऑटोच्या उघड्या बाजूने पाऊस थेट भाऊजींच्या अंगावर. मी घसा साफ केला. पन्नास वर्षं कानाने ऐकलेलं जिभेला जमेना.

"भाऊजी," मी म्हटलं, "काहून भिजून राहिलात?"

मग छत्री उचलून त्यांनी आम्हा दोघांच्या मध्ये धरली.

"राहिलात नाही, वहिनी," ते हळूच म्हणाले. "राहिले."