नानांनी मागितलेलं क्रीम

डॉक्टरांनी निघताना घड्याळजींना दाराबाहेर बोलावलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, "आता पथ्यपाणी राहू द्या. मागतील ते द्या." नानांची फुप्फुसं थकली होती, पण कान शाबूत होते. घड्याळजी चेहरा सावरून आत आले, तेव्हा वडील नाकातली ऑक्सिजनची नळी नीट करत होते.

"मागतील ते म्हणजे काहीही ना? मग मला क्रीम पाहिजे. घरी फेटलेलं."

नानांची बेकरी होती. त्या भागात केक म्हटला की नानांचा, आणि त्यावरच्या क्रीमचं नाव काढलं की लोकांच्या तोंडाला पाणी सुटायचं. पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि बेकरीला टाळं लागलं. मुलगा घड्याळदुरुस्तीत रमलेला, म्हणून सगळ्यांचे घड्याळजी. त्याला क्रीममधलं ओ की ठो कळत नव्हतं.

"कोपऱ्यावरच्या दुकानात तयार डबा मिळतो," घड्याळजींची बायको म्हणाली. "दोन चमचे तरी त्यांना जातील की नाही कोण जाणे. त्यासाठी घरभर पसारा कशाला?"

धाकटी बहीण कालच बॅग घेऊन परगावाहून आली होती. तिचे डोळे भरून आले. "वहिनी, ज्या माणसानं जन्मभर स्वतःच्या हातानं फेटून लोकांना खाऊ घातलं, त्याच्या तोंडात शेवटचा घास डब्यातला घालायचा?"

"अगं, दार तरी लावून घ्या," नाना आतून म्हणाले.

यावर वाद संपला. बहिणीनं दुधाचं ताजं क्रीम आणलं आणि शेजाऱ्यांकडून विजेवर चालणारा जुना बीटर मागून आणला. नानांनी अट घातली की फेटायचं ते त्यांच्यासमोर. मग स्टूल पलंगाशी आलं, भांडं स्टुलावर आलं, आणि ऑक्सिजनचं मशीन ज्या बोर्डाला लावलं होतं त्याच बोर्डाला बीटरही लागला. त्या खोलीत दुसरा बोर्ड नव्हता. घड्याळजींनी भांडं दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि बहिणीनं बीटर चालू केला.

क्रीम फुगलं, मऊ झालं, बीटरच्या मागे रेघा उमटू लागल्या.

"झालं वाटतं, नाना."

"कुठं झालंय? फेटत राहा. हात थांबवायचा नाही."

रेघा मोडल्या. क्रीम रवाळ दिसू लागलं, मग पिवळट. "नाना, हे फुटतंय," बहीण म्हणाली.

"मला शिकवतेस? फेट."

ती बेकरीवाल्याची मुलगी. तिनं फेटलं. भांड्यात आधी गोळे झाले, मग त्या गोळ्यांचा लोण्याचा एक गोळा झाला आणि लोणी नि पांढरं पाणी घड्याळजींच्या हातांवर उडालं. बीटर गोळ्यात रुतला, गुरगुरला, त्यातून जळका वास आला आणि घरातली वीज गेली. ऑक्सिजनचं मशीन एक उसासा टाकून बंद पडलं आणि किंचाळू लागलं.

नानांचे ओठ निळसर होऊ लागले. जवळच भरलेला सिलिंडर होता, असल्याच वेळेसाठी आणून ठेवलेला. केसाएवढे स्क्रू चिमट्यानं बसवणारे घड्याळजी त्याची चावी फिरवायला गेले, पण हात लोण्यानं माखलेले. चावी पकडीत येईना. ते पुसत, फिरवत, पुन्हा पुसत राहिले. बहीण "नाना, नाना" म्हणत त्यांचा हात चोळत होती. शेवटी बायकोनं नवऱ्याला बाजूला सारलं, टॉवेल गुंडाळून चावी फिरवली आणि नळी जोडली.

बऱ्याच वेळानं नानांच्या चेहऱ्यावर रंग आला.

"गेलो असतो," ते धापा टाकत म्हणाले, "तर लोक म्हणाले असते, म्हाताऱ्यानं क्रीम मागितलं म्हणून पोरांनी त्याची हवा तोडली."

बायको सांडलेलं लोणी पुसू लागली.

संध्याकाळी बायको न बोलता तयार डबा घेऊन आली. तिनं ते क्रीम काचेच्या वाटीत काढलं आणि डबा कचऱ्यात तळाशी दडपला. या वेळी बहिणीनं वाद घातला नाही. घड्याळजींनी चमचा भरवला. नानांनी क्रीम जिभेवर घोळवलं.

"डब्यातलं आहे."

"नाही हो नाना, पुन्हा फेटलं," बहीण म्हणाली.

"पोरी, जन्मभर हेच लावलं मी. मला कळणार नाही? सकाळी दुकान उघडायच्या आधी मागच्या दारानं डबे यायचे. हे कितीही फेटा, फुटत नाही. दुधाचं फुटतं, हे आज बघितलं."

बहीण पलंगाच्या कडेला बसली.

"मग घरी फेटलेलंच का मागितलंत?" घड्याळजींनी विचारलं.

"लोक एवढं कौतुक करायचे त्याचं. म्हटलं, जायच्या आधी आपणही एकदा बघावं, कसं लागतं ते."

दुसऱ्या दिवशी घड्याळजी दुकानात गेले नाहीत. भांडं बर्फात ठेवून त्यांनी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हातानं क्रीम फेटलं. मनगट भरून आलं तरी नजर हलवली नाही. पहिल्या रेघा टिकल्या तिथे ते थांबले आणि वाटी घेऊन पलंगाशी गेले.

नानांनी एक चमचा खाल्ला. डोळे मिटून तो जिभेवर घोळवला.

"कसं झालंय?"

"बरं आहे," नाना म्हणाले. मग मुलाला वाईट वाटू नये म्हणून त्याचं मनगट थोपटलं. "पण आपलं जास्त चांगलं होतं."

त्याच आठवड्यात नाना गेले.

भेटायला येणाऱ्यांत एक निवृत्त शिक्षिका होत्या, बेकरीच्या जुन्या गिऱ्हाईक. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. "माझ्या मुलांचे सगळे वाढदिवस नानांच्या केकवर झाले. काय ते क्रीम! हातानं फेटलेलं, जिभेवर ठेवलं की कळायचं. आता मेलं जिकडे तिकडे डब्यातलं."

बहीण खिडकीबाहेर पाहू लागली. बायको पाणी आणायला म्हणून आत गेली ती आतच राहिली.

"कृती सांगून गेले का हो कुणाला?"

"सांगितली," घड्याळजी म्हणाले. "अगदी शेवटी."

"मग करून बघा की कधीतरी."

"केलं होतं. मीच फेटलं. नानांना काही ते आवडलं नाही."

"आवडेल कसं?" बाईंनी समजूत घातली. "त्यांच्या हाताची चव तुमच्या हाताला कुठून येणार?"