‘बंद बीळ’ आणि केशर शेकरीण

एका जंगलात, बरं का मुलांनो, एक टॉकीज होती. कोल्ह्याने ती गुहेत काढली होती. आत भरदुपारीही मिट्ट काळोख. त्यामुळे सगळे प्राणी जेवून खाऊन तिथे सिनेमा बघायला यायचे.

त्याच जंगलात केशर नावाची शेकरीण राहायची. शेकरू म्हणजे झाडावरची ती मोठी, तांबूस, झुपकेदार शेपटीची खार. केशर या झाडावरून त्या झाडावर झेप घ्यायची, तेव्हा खालचे प्राणी चरायचं सोडून वर बघत राहायचे.

ही लग्नाआधीची गोष्ट.

मग तिचं लग्न गुलाबरावांशी झालं. गुलाबराव भारी प्रेमळ. केशर पडेलबिडेल या काळजीने त्यांनी आपल्या आंब्याच्या लांब फांद्या एकेक करून कुरतडून टाकल्या. आधी केशरच्या बहिणीच्या जांभळीकडे जाणारी, मग नदीकडची.

“आता उडीच नाही, तर पडायची भीती कसली?” ते म्हणायचे. खाली उतरायचं तर तेही त्यांच्यासोबतच. शेजारीपाजारी म्हणायचे, “किती जपतात हो बायकोला!”

एके दिवशी टॉकीजला ‘बंद बीळ’ नावाचा भयपट लागला. भित्र्या प्राण्यांनी येऊ नये, असं बाहेर लिहिलं होतं. त्यामुळे झाडून सगळे आले. गुलाबरावही केशरला घेऊन आले.

सिनेमात ससा आणि सशीण एका बिळात राहत असतात. रात्री कुणीतरी माती खरवडल्याचा आवाज येतो. सकाळी पाहावं, तर बिळाचं एक तोंड बुजलेलं! सशिणीला वाटतं, भूतच आहे. ससा तिला कुशीत घेऊन म्हणतो, “मी आहे ना.” शेवटी कळतं, की माती लोटत होता तो ससाच.

खरवडल्याचा आवाज आला, की अस्वलअण्णा किंचाळून शेजारच्या रानडुकरिणीच्या मांडीवर जाऊन बसत. केशर मात्र एकदाही ओरडली नाही. पण मध्येच एक साधा प्रसंग आला. ससा पाला खाता खाता शांतपणे विचारतो, “आज पाणवठ्यावर कुणाशी बोलत होतीस?”

तिथे कुणीच घाबरलं नाही. अण्णा तर जांभई देत होते. केशरच्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला. शेजारी बसलेल्या धनेशमावशींनी आपली मोठी चोच वळवून तिच्याकडे पाहिलं.

सशीण भिंत उकरून बाहेर पडली, तेव्हा गुहा टाळ्यांनी दणाणली.

बाहेर आल्यावर चर्चा सुरू झाली.

“पहिला भाग लांबला,” मोर म्हणाला.

“भूत नव्हतंच, तर मला उगाच का घाबरवलं?” अण्णा चिडले.

“ससा दिसायला गोरागोमटा होता हो,” रानडुकरीण म्हणाली. “तिने जरा समजून घ्यायला हवं होतं.”

गुलाबरावांचे डोळे मात्र भरून आले होते. “असल्या नवऱ्याला भर पाणवठ्यावर सोलून काढला पाहिजे!” ते गरजले. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोल्ह्याने तर त्यांना उद्याच्या खेळाआधी दोन शब्द बोलायचं आमंत्रणच देऊन टाकलं.

घरी जाताना गुलाबरावांनी विचारलं, “मध्यंतरात त्या धनेशबाईशी काय हसत होतीस?”

“काही नाही.”

“काही नाही, याला हसतं का कुणी?”

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते उंबराकडची फांदी कुरतडायला बसले. उंबरावर धनेशमावशी राहायच्या. “सिनेमा पाहिल्यापासून जिवाला घोर लागलाय बघ,” ते म्हणाले. “कसले कसले नवरे असतात जगात! तू आपली इथेच बरी.”

दुपारी ते भाषणाला गेले. केशर उरलेल्या खुंटावर येऊन बसली. समोर धनेशमावशी होत्या.

“मावशी, अंडी घालायच्या वेळी तुम्ही ढोलीत कोंडून घेता. भीती नाही वाटत?”

“दार मी लिंपते गं, आतून. फोडायचं कधी, तेही माझं मीच ठरवते. तुझं कोण ठरवतं?”

केशरने उंबराकडे पाहिलं. “फार लांब आहे.”

“लांब आहे खरं. आणि मला काही तुला उचलून आणता यायचं नाही. खाली बघू नकोस. माझ्याकडे बघ.”

केशर खुंटाच्या टोकाशी सरकली. किती दिवसांत झेप घेतली नव्हती! तिने डोळे मावशींवर ठेवले आणि अंग झोकून दिलं. मागचे पाय निसटले. पुढच्या नख्यांनी फांदी धरली, आणि ती क्षणभर तशीच लोंबकळली. मग वर चढली, आणि एकदम हसायलाच लागली. तिथून ती सागावर, सागावरून ऐनावर आणि ऐनावरून बहिणीच्या जांभळीवर गेली.

तेवढ्यात टॉकीज सुटली. सगळ्यांनी तिला जाताना पाहिलं. टाळी कुणीच वाजवली नाही.

“हे फारच घाईत उरकलं,” मोर म्हणाला.

“भिण्यासारखं काही दिसलं तरी का?” अण्णांनी विचारलं.

“आणि आत्ताच किती छान बोलले हो गुलाबराव!” रानडुकरिणीने डोळे पुसले.

गुलाबराव ढसाढसा रडत होते. सगळे त्यांच्याभोवती जमले. कोल्ह्याने त्यांना जन्मभराचा फुकट पास दिला.

हे सगळं जांभळीवर ऐकू येत होतं. बहिणीने हळूच विचारलं, “परत जायचं म्हणतेस का?”

केशरचं तोंड जांभळाने भरलं होतं. बी थुंकून ती म्हणाली, “थांब गं, जरा त्या पलीकडच्या झाडावर जाऊन येते.”

तात्पर्य : मुलांनो, दुसऱ्याचा छळ नेहमी पडद्यावरच पाहावा. तिथे दुष्ट कोण ते नीट कळतं, पोटभर हळहळता येतं, आणि सिनेमा सुटल्यावर कुणाला आपल्या घरी ठेवून घ्यावं लागत नाही.