काहिलीतलं वऱ्हाड

गाणं ऐन रंगात आलेलं असताना समोरून उठून "थांबा, चुकलं" म्हणणारा माणूस कुणालाच आवडत नाही. आमच्या गावात मात्र तातोबा उठले की पेटी थांबे, टाळ थांबत आणि लोक पुढे सरकून बसत. गाण्याइतकीच मजा आता येणार हे सगळ्यांना ठाऊक असे.

गाणं नेहमी एकच, काहिलीचं. कृष्णाकाठी नाव जागेवर नसली की गुऱ्हाळातली उसाचा रस उकळायची भली मोठी लोखंडी काहिल पाण्यात सोडून लोक पैलतीर गाठत. अशाच एका काहिलीतून लग्नाला निघालेलं वऱ्हाड भर नदीत पाण्यात गेलं, त्याचं हे हसवणारं गाणं. कराडपासून सांगलीपर्यंत वरातीत, जत्रेत, सोंगी भजनात ते म्हटलं जाई. त्यातले नवरदेव म्हणजे हेच तातोबा. दुसऱ्या कुणी अशा फजितीनंतर तोंड लपवलं असतं. तातोबा गाण्याचे शब्द तपासत.

"मामाचा फेटा तांबडा न्हवता, मास्तर. अबोली हुता. गंमत न्हवं, इतिहास हाय ह्यो. इतिहासात फेरफार नगं."

मी मिरजेहून येऊन गावात शिंप्याचं दुकान टाकलेलं, म्हणून मास्तर. त्यात भजनी मंडळात पेटी वाजवायचो. फेट्याच्या रंगाचा जाब दोन्हीकडून मलाच द्यावा लागे.

तर इतिहास असा. काहिलीत एका बाजूला भावकी बसली, दुसऱ्या बाजूला मामाकडचे पाहुणे. भार अगदी सारखा. पण काहिलीत पहिला पाय ठेवायचा मान चुलत्यांना मिळाला, म्हणून मामा भर नदीत रुसले आणि पाठ फिरवून बसले. आता मामा रुसले म्हणजे समजूत काढायला जायलाच हवं. सगळी भावकी एकदम उठली आणि मामांच्या बाजूला गेली.

मामा रुसलं मानाला, भावकी उठली एका दमाला,
काहिल झाली वाकडी नि वऱ्हाड गेलं गंगेला

गाण्यात गटांगळ्या खातानाही मामा म्हणतात, 'आधी चुलत्यांना काढा, मान त्यांचा.' हे खरंच घडलं का, असं मी एकदा तातोबांना विचारलं.

"म्हनलं न्हाईत. तोंडात पानी हुतं. पर बोटानं दावलं."

लढाईच्या दिवसांत गावची बरीच पोरं पलटणीत होती. त्यातला एक मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, रजेवर आला, तर त्याच्या आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकायच्या आत तातोबा दारात हजर. "तकडं गानं म्हनता न्हवं? मामाचा फेटा कंचा म्हनता?" पोरगा बिचारा खरं बोलला. पलटणीत मामाच्या जागी गोरा साहेब बसवलाय म्हणाला. तातोबांनी ओट्यावर बैठक मारली आणि रजा संपेपर्यंत त्याच्याकडून मूळ गाणं घोकून घेतलं. "साहेब रुसला तर कोन उठंल रं समजूत काढाया? इचार कर की गड्या." मला तर तातोबांचं हे म्हणणं फार पटलं.

गाण्याचं शेवटचं कडवं तेवढं हसवणारं नव्हतं.

मागनं आली करवली, हातात तिच्या कळशी,
केस पिळत म्हनली, दादा माजा कुनापाशी

त्याची चालही संथ, त्यामुळे लोक वहाणा शोधायला लागत. शेवटी एका जत्रेत आमच्या भजनीबुवांनी ते गाळायचं ठरवलं. मामांवर हशा पिकला की तिथंच थांबायचं. तसंच केलं, आणि हशा जोरदार पिकला. तातोबा उठतील म्हणून मी पेटीवर हात ठेवून वाट बघत होतो. ते उठले, पण काही न बोलता घराकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दुकानात येऊन बसले. फेट्याचा विषय नाही, इतिहासाचा नाही.

"काल तुमी तिला पान्यातच सोडलं, मास्तर."

एवढं बोलून ते गेले. मला चैन पडेना. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. ते रानातून आले नव्हते. साळूवहिनी, त्यांच्या पत्नी, जोंधळे पाखडत बसल्या होत्या. मी झालेलं सांगितलं, तसं त्यांनी सूप खाली ठेवलं.

"आवं, चिंगी घावलीच न्हाई. ह्यांची धाकटी भन. तीच करवली हुती. आमचं लगीन मग लय दिसांनी लागलं. सासूबाई अन्नाला शिवंनात. तवा त्यास्नी हसवाया ह्यांनी चुलीम्होरं बसून ह्ये गानं रचलं. मामाचा रुसवा ऐकून त्या हसल्या. मग म्हनाल्या, माज्या चिंगीला का रं तकडंच ठिवलीस? तवा ह्यांनी गान्यात तिला भायेर काढली. त्या दिशी म्हातारीनं दोन घास खाल्लं."

इतिहासात फेरफार खपवून न घेणाऱ्या माणसानं स्वतः एकच फेरफार केला होता. बाकी सगळं तंतोतंत खरं राहिलं तर तेवढंही खरं धरलं जाईल, असं त्यांना वाटत असावं. त्या अबोली फेट्याला मी इतके दिवस हसत होतो. तातोबा मला त्या संध्याकाळी फार मोठे वाटले.

बुवांशी भांडून मी ते कडवं परत घ्यायला लावलं. लोक वहाणा शोधायचे ते शोधतच राहिले. तातोबाही फेट्यावरून पूर्वीसारखे उठू लागले. करवली आली की मात्र ते घोंगड्यावर थोडे बाजूला सरकत, एक लहान पोर बसेल एवढी जागा करून.